आतली कडी

विनोदला सुकन्याच्या घरात राहायला येऊन सात महिने झाले होते आणि चप्पल कुठं काढावी एवढंसुद्धा अजून त्याचं ठरत नव्हतं. आत काढली तर शिवकन्या ती पायानं बाहेर सरकवायची. बाहेर काढली तर तिची आई, म्हणजे सुकन्या, म्हणायची, "पाहुण्यावाणी कामून करून राहिले तुम्ही?" बेचाळीस वर्षांचा बाप्या, नांदेडात स्वतःचं वेल्डिंगचं दुकान, शंभर घरांची गेटं त्याच्या हातची. आणि राहत्या घरात शिरायचं तर हा गडी आधी उंबऱ्याशी खाकरायचा. काय म्हणावं आता?

सुकन्या लिंगायताची, माहेर रेणापूरचं. खासगी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसायची. विनोद बौद्ध, बिलोलीचा. दवाखान्याचं गेट दुरुस्त करायला गेला आणि तिच्यावर जीव जडवून आला. दोघांचीही आधीची फारकत झालेली, म्हणजे लग्नाला कायद्याची आडकाठी काही नव्हती. आडकाठी होती ती सुकन्याचीच. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "शिवकन्या हाव म्हणंल त्या दिवशी लग्न. आन् ती जा म्हणंल त्या दिवशी तुम्ही बॅग उचलायची. मग मला बोल लावायचा न्हाई." विनोद हाव म्हणाला. जीव जडला की माणूस कशालाही हाव म्हणतो. आता चौदा वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर त्याचा सगळा संसार टांगलेला होता.

धाकटा शिवांश आठ वर्षांचा, तो लगेच लळा लागून मोकळा झाला. विनोदकाकाशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना. शिवकन्या मात्र बोलायचीच नाही. काही विचारलं तर भिंतीला उत्तर द्यायची. मागची बारकी खोली तिची, पण तिला दार नव्हतं, नुसता पडदा होता. रोज सकाळी शाळेचा ड्रेस काखेत मारून ती समोरच्या लक्ष्मीबाईंकडं जायची आणि तिथं कपडे बदलून परत यायची.

विनोदला वाटलं, असंल मैत्रीण तिथं. मग एकदा लक्ष्मीबाईंनीच भर गल्लीत विचारलं, "काय ओ, तुमची पोरगी कपडे बदलायला आमच्याकडं कामून येती?" बाई वाईट नव्हती, सहजच बोलली. पण ऐकणारे चार जण गप्प झाले, आणि ते गप्प होणं विनोदच्या काळजात घुसलं. काही न करता चोर ठरल्यासारखं वाटलं त्याला. राग आला, तो पोरीचा नाही, स्वतःचाच. आयुष्य गेलं लोकांना दारं करून देण्यात, आणि आपल्या घरातली पोर पडद्याआड जीव मुठीत धरून बसते हे दिसलं नाही? डोळे होते का बटणं?

श्रावणात सुकन्या पोरांना घेऊन दोन दिवस रेणापूरला गेली. विनोदनं दुकान बंद ठेवलं आणि तिच्या खोलीच्या दाराला हात घातला. अँगलची चौकट, जाड पत्रा, आतल्या बाजूला हातभर लांब कडी. "ताईला रंग कोणता आवडतो रे?" म्हणून शिवांशला फोन करून विचारलं. जांभळा म्हणाला. जांभळा दिला. एवढ्या हौसेनं त्यानं कुणा सावकाराच्या बंगल्याचंही काम केलं नव्हतं.

परत आल्यावर शिवांश नाचला. सुकन्याचे डोळे भरून आले. शिवकन्या दारापाशी गेली, तिनं दाराच्या बाहेरच्या बाजूला बोट लावलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं बघून विचारलं, "ही कशाला?"

तिथं बाहेरूनही एक कडी होती.

"अगं, दाराला बाहेरून कडी असतीच," विनोद म्हणाला. "हाताला सवय, लागून गेली."

पोर दोन पावलं मागं सरकली. ती ओरडली नाही. आईला एवढंच म्हणाली, "यांना जायला सांग."

सुकन्यानं त्याला अंगणात नेलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सांगितलं. पहिला नवरा संगमेश्वर लातूरला धान्याच्या आडतीवर कामाला होता. कामावर निघताना तो तिला आणि दोन्ही लेकरांना खोलीत कोंडायचा, बाहेरून कडी लावून जायचा. शिवांश तान्हा होता, त्याला आठवत नाही. शिवकन्याला सगळं आठवतं. दार वाजवून वाजवून तिचे हात सुजायचे.

"मला सांगितलं कामून न्हाई?"

"लाज वाटली," सुकन्या म्हणाली.

विनोदनं शब्द दिला होता, बॅग उचलणं भाग होतं. त्यानं कॉटखालची बॅग काढून भिंतीशी ठेवली. मग दुकानातून ग्राइंडर आणला आणि बाहेरची कडी मुळापासून कापून काढली. ठिणग्या उडाल्या, जांभळा रंग जळून काळा डाग पडला. शिवकन्या बघत होती. कापून झाल्यावर ती आत गेली, दार लावलं, कडी सरकवली.

"ढकला," ती आतून म्हणाली.

"काय?"

"बाहेरून ढकला."

त्यानं हात टेकवला. "असं न्हाई. जोरात," आतून आवाज आला.

त्यानं खांदा लावला. "आणखी जोरात," ती म्हणाली. शिवांशला खेळच वाटला, तोही धावत आला. सुकन्यानं त्याला मागं ओढून छातीशी धरलं. विनोदनं पाय रोवून सगळं बळ लावलं. चौकट करकरली, दार हललं नाही. आणि ढकलता ढकलता त्याला उमगलं, की सात महिने ही पोर रोज रात्री ह्याच माणसाची धास्ती घेऊन पडलेली असायची. तो जेवण झालं का म्हणून विचारायचा, तेव्हाही तिच्या मनात हेच असणार. मी तसला न्हाई गं, असं त्याला सांगावंसं वाटलं. पण संगमेश्वरनंही तसंच सांगितलं असतं. म्हणून त्यानं आणखी एकदा अंग टाकलं, खांदा ठणकेपर्यंत.

"न्हाई उघडत," तो म्हणाला.

आतून कडी चाचपल्याचा आवाज आला.

"आई, राहू दे त्यांना," मग ती म्हणाली. "पण कडी मी काढणार न्हाई."

"नको काढू," विनोद म्हणाला, आणि बॅग परत कॉटखाली सरकवली.