जोतिबाच्या डोंगरावरची उडी

देवानं माझ्या गुडघ्यात लक्ष घालावं, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटत होती. त्याच्यामागे लोकांची लग्नं, पिकं, कोर्टकचेऱ्या. त्यात माझा गुडघा कुठं बसणार? पण आईनं ठरवलं होतं, आणि आमच्या घरी आईनं ठरवलं की विषय संपतो.

मी ऑस्ट्रेलियात तिथलं फुटबॉल खेळते, त्यावरच माझं पोट चालतं. फुटबॉल म्हटलं की कोल्हापुरातली माणसं खूश होतात. चेंडू लंबगोल असतो आणि हातात धरला तरी चालतो, हे ऐकलं की त्यांचे चेहरे पडतात. पेठेतल्या पोरांबरोबर खेळत वाढलेली मी मेलबर्नला शिकायला गेले, मैत्रिणीबरोबर सहज एका मैदानावर उतरले आणि तिथलीच झाले. उंच उडी मारून इतरांच्या डोक्यावरून चेंडू झेलायचा, हे संघातलं माझं काम. अशीच एक उडी मारून उतरताना उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली. धावणं जमलं, उडी जमेना. चेंडू वर गेला की भीतीनं पाय जमीन सोडेनातच. क्लबनं स्पष्ट सांगितलं होतं, सुट्टीनंतर उडी दिसली तरच नवा करार. तो नाही झाला तर पुढं काय, या विचारानं माझी झोप उडाली होती.

माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे घालायचे, म्हणजे कोल्हापुरातून चालत डोंगर चढायचा, ही आईची जुनी रीत. या वेळी तिनं मलाही बरोबर घेतलं. ती पुढं झपाझप, मी मागं गुडघा सांभाळत. खेळाडू कोण, असं वाटेत कुणी विचारलं असतं तर बोट आईकडेच गेलं असतं.

वर देवळाच्या आवारात पालखी निघाली होती. ‘चांगभलं’चा गजर, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण, सगळे गुलाबी झालेले. माझ्यापुढं एक आजोबा नातीला खांद्यावर घेऊन उभे होते. तेवढ्यात ओवरीवरून कुणीतरी खोबऱ्याची अख्खी वाटीच भिरकावली. ती थेट त्या चिमुरडीच्या तोंडावर येताना दिसली, आणि पुढचं मला नीट सांगता येत नाही. वाटी माझ्या हातात होती आणि मी उजव्या पायावर उतरले होते. गुडघा दुखला नाही. मुळात गुडघा आहे, हेच मी विसरले होते.

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अशी उडी कुठं शिकलीस म्हणून विचारलं. मी ऑस्ट्रेलिया म्हणाले.

“तिकडं बी खोबरं उधळत्यात व्हय?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग कळलं, ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं. माझ्याकडून खोबरं घेऊन ते नातीच्या हातात देत आजोबा गर्दीत गेले. मी वळले तर आई माझ्या पायाकडे बघत उभी होती.

पायऱ्या उतरताना ती पुढं गेली नाही, माझ्या बरोबरीनं चालली. मग म्हणाली, “मी तुझ्या गुडघ्यासाठी खेटे घालत नव्हते. ह्यो खेळ सुटू दे आणि पोरगी घरला येऊ दे, असं मागत होते. देवानं काय माझं ऐकलं न्हाय.” थोडं चालून ती पुन्हा म्हणाली, “बरं झालं. उडताना बघितलं की तुला.”

मी तिचा हात धरला, तो खाली पोचेपर्यंत सोडला नाही.

ते खोबरं माझ्या वाट्याला कसं आलं, याचा वाद मी घालत नाही. जे माझ्यानं होत नव्हतं ते जोतिबाच्या दारात, मी काही न करता झालं. डोकं टेकायला मला तेवढं पुरेसं आहे. करार झाला, मी खेळते आहे, आणि चेंडू वर गेला की बाकीचं त्याच्यावर सोडते. आई अजूनही रविवारी डोंगरावर जाते. परवा फोनवर मी तिला विचारलं, आता देवाकडं काय मागतेस?

“मागत काय न्हाय,” ती म्हणाली. “तुझा सामना कधी हाय, तेवढं सांगून येते.”