माझी भुवई आणि मामाचा बॉयलर

माझा मामा एका मोठ्या धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळतो. सहा हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुतल्या जातात, आणि त्यांना लागणारी वाफ गेली एकवीस वर्षं मामाच्या हातून जाते. बॉयलरशी तो हट्टी म्हाताऱ्याशी बोलावं तसं बोलतो. "हं, प्या थोडं. पुरे. आता गपगुमान बसा."

मग नवा नियम आला. तोंडी परीक्षा देऊन दाखला आणायचा, नाहीतर बॉयलरला हात लावायचा नाही. संधी तीन. तिन्ही हुकल्या तर घडीखात्यात बदली. मॅनेजरने हे नाकातून सांगितलं, "घड्या घालणं हेसुद्धा कामच आहे हं, आपण कमी लेखायचं नाही हं." मामाने घरी येऊन ते सपाट आवाजात सांगितलं. मी लगेच नाकातून करून दाखवलं. आई हसली. मामा हसला नाही.

सातवीनंतर त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं. माहितीपुस्तिका आणली आणि पिवळ्या पेनाने रंगवायला बसला. दोन दिवसांत अख्खं पुस्तक पिवळं.

"मामा, महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं असतं."

"यातलं बिनमहत्त्वाचं कुठलं ते दाखव मला."

रोज सकाळी तो खडा आवाज लावून वाचायचा. ओटा पुसता पुसता आई म्हणायची, "दादा, मला पाठ झालं. तुझं काय?"

त्याचंही झालं होतं, पण पहिल्या पानापासून ओळीने. परीक्षकाने पहिलाच प्रश्न मधल्या पानावरचा काढला. मामाने मनातल्या मनात पान एकपासून सुरुवात केली आणि तिथवर पोचेपर्यंत बाहेर "पुढचे!" असा पुकारा झाला.

तेव्हा मी सूत्रं हातात घेतली. घरात मला 'टेप' म्हणतात, कारण ऐकलेलं कुणाचंही बोलणं मी जसंच्या तसं वाजवते. मामाने त्या परीक्षकाचं वर्णन केलं आणि मी तो उभा केला: प्रश्नाआधी दोनदा खाकरणारा, चष्म्यावरून बघणारा, 'तर' हा शब्द मैलभर ओढणारा. "ख्हं ख्हं. तऽऽर, काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं. पाणी सोडाल, की आग बंद कराल?"

"आग बंद करीन, साहेब!"

"शाब्बास!"

महिनाभर हा खेळ चालला. शेजारच्या काकू बघायला यायच्या. मामाचं एकही उत्तर चुकेना. मी तर गुरुदक्षिणा म्हणून सायकल मागून ठेवली होती.

दुसऱ्या परीक्षेहून तो आला तो थेट मोरीत गेला आणि बराच वेळ पाय धूत बसला. आई दाराशी उभी. "दादा, बोल तरी."

"बाई होत्या," तो म्हणाला. "मऊ बोलणाऱ्या. विचारलं तेच. पाणी सोडाल की आग बंद कराल."

"मग?"

"पाणी सोडीन म्हणालो."

मला बॉयलरमधलं फारसं कळत नाही, पण एवढं महिनाभरात कळलं होतं: नळीत पाणी दिसत नाही म्हणजे बॉयलरमध्येही नाही, आणि आत पाणी नसताना पत्रा लाल तापलेला असतो. त्यावर गार पाणी सोडलं तर बॉयलर फुटतो. खोली उरत नाही, माणूसही उरत नाही. एकवीस वर्षं हे टाळणारा माणूस तोंडाने नेमकं तेच बोलून आला होता.

"मामा, असं कसं?"

"तू विचारतेस तेव्हा खऱ्या उत्तरावर तुझी भुवई वर जाते, टेप. आवाजही चढतो. त्या बाईंचं काहीच वर गेलं नाही. मी वाट बघत बसलो."

आई माझ्याकडे वळली. "म्हणजे महिनाभर उत्तरं तूच देत होतीस." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

शेवटची संधी तीन आठवड्यांवर होती. मी खाकरणं बंद केलं. आईने लोणच्याची रिकामी बरणी दिली. प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून तीत टाकल्या, क्रम मोडून. रोज सातच, जास्त नाही. चिठ्ठी मामानेच काढायची, पुस्तक मिटलेलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचं. नुसतं उत्तर नाही चालायचं, "का?" हेही सांगायचं. रविवारी मी त्याच्याबरोबर बॉयलरखोलीत गेले. वही काढली. "मला काही येत नाही. शिकव."

"नळीत पाणी नाही. काय करशील?"

"पंप चालू."

"मेलीस!" तो ओरडला. "आधी आगीचा खटका. हा. हात लाव त्याला. मग गार होईपर्यंत काही नाही, समजलं? काऽही नाही. तेच सगळ्यात अवघड." इतकं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. नक्कल करायची आठवणही झाली नाही.

तिसऱ्या वेळी त्याच बाई होत्या, प्रश्नही तोच. मामा सांगतो, त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नाही. डोळे मिटले. हात आपोआप उठला आणि खटक्याच्या जागी गेला, मग तोंड त्याच्या मागून गेलं. नऊ दिवसांनी दाखला आला. आईने तो दोनदा वाचला. मॅनेजर म्हणाला, "मला खात्रीच होती हं."

बरणी मात्र कपाटावर गेली नाही. कामावर निघण्यापूर्वी मामा अजूनही एक चिठ्ठी काढतो, चपला घालून, दारातच उभा राहून.

"अरे, पास झालास ना? आता कशाला?" मी एकदा विचारलं.

"तोंडाने एकदा पाणी सोडलंय," तो म्हणाला. "हाताने ऐकलं असेल तर?"

मी भिंतीकडे तोंड केलं. त्याने चिठ्ठी उघडली.