स्वाती डोकं का आपटत होती

बुलढाण्याच्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेर बसून लिहितेय.

माझी धाकटी बहीण स्वाती ऑटिस्टिक आहे. चोवीस वर्षांची आहे, पण बोलत नाही. काल ती भिंतीवर डोकं आपटायला लागली, म्हणून तिला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं.

"अशा पेशंटचं हे चालूच राहते," म्हणत त्यांनी झोपेचं औषध लिहून दिलं.

आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माही पोरगी कधीच डोकं आपटत नाही. अंग तापून राह्यलं तिचं. तपासा तं खरं!"

स्वाती हात लावू देत नव्हती. त्यांनी न तपासताच घरी पाठवलं.

आज सकाळी ती उठेना. आम्हाला वाटलं, औषधाची झोप असेल. दुपारपर्यंत हलवूनही उठली नाही, तेव्हा इथे आणलं. इथल्या डॉक्टर म्हणाल्या, मेंदूज्वर आहे. डोकं असह्य दुखत असणार, म्हणून आपटत होती. जीव वाचेल बहुतेक, पण या आजारानंतर ऐकू येईल की नाही, सांगता येत नाही.

आई मघापासून एकच विचारतेय, "तिले ऐकूच नाही आलं, तं मी तिले कशी समजावू बाई?"

तुमच्या घरी असं न बोलणारं माणूस असेल, तर त्याचं दुखणं तुम्ही डॉक्टरांना कसं पटवून देता?