मंठ्याच्या बाजारातला सलोतरी

निजामाच्या राज्यात मंठ्याच्या बाजारात गुराघोड्यांना औषध देणारा एक सलोतरी बसायचा. मी त्याला एकदाच भेटले.

लेकीचं तान्हं बाळ गेलं आणि ती माहेरी आली. कुणाशी बोलत नसे. पाळलेल्या पांढऱ्या सशाला भरवताना तेवढे दोन घास स्वतः खाई. त्याच सशाची मान एकीकडे वळली आणि तो जागच्या जागी गोल फिरू लागला. मी त्याला टोपलीत घालून बाजारात नेलं.

"आक्का, नाल ठोकायचेत का ह्याला?" एक बैलवाला म्हणाला, आणि सगळे हसले. सलोतरी हसला नाही. बैलाला देतात तसा त्यानं आधी सशाला आपला तळहात हुंगू दिला. मग कुशीवर दोन बोटं ठेवून श्वास पाहिला, कानात पाहिलं, चालवून पाहिलं. शेवटी हात धुतले.

"बैल-घोडं मला कळतं, आक्का. ह्याचं बिलकुल कळत न्हाई."

"मंग कोणाला कळतं?"

"इकडं कोणालाच न्हाई."

"एखादी पुडी तरी द्या."

"खोटी पुडी मी देत न्हाई. माणूस तिच्यावर आस लावून बसतं."

घरी आल्यावर मी ओव्याची पूड कागदात बांधली आणि सलोतऱ्यानं दिली म्हणून लेकीला सांगितलं. तिनं ती तीन दिवस वेळेवर चारली, स्वतःही पोटभर जेवली. चौथ्या दिवशी ससा मेला. लेकीनं ताट सरकवलं. त्या माणसाला ती तोंडाला येईल ते बोलली. मी गप्प बसून ऐकलं.