आरशामागचा कॅमेरा

संक्रांत नुकतीच झाली होती. बाबा सकाळचं फिरणं आटोपून विद्यापीठाच्या आवारातून गाडीने घरी येत होते, आणि तिथल्या झाडांच्या रस्त्यावर मागून एक ऑटो त्यांच्या गाडीवर आदळला. बाबांना काही लागलं नाही. डिकी चेपली, मागचा एक दिवा फुटला. मी पोचले तेव्हा ऑटोवाला हातवारे करून जमलेल्या लोकांना सांगत होता, "रोड पूरा खाली था भाई! बडे मियाँ ने बीच में ब्रेक मार दिया!"

बाबा गाडीला टेकून उभे होते. रसायनशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस आवाज चढवून बोलत नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बाई आडवी आली. न थांबून काय करू?"

"कुठली बाई?"

"गेली पलीकडे. झाडांत."

पलीकडे नुसता पाचोळा होता. तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही. बाई गेली असेल, माणसं जातात. आमच्या शेजाऱ्यांनी तर संध्याकाळी येऊन सगळा उलगडाच करून टाकला. म्हणाले, टोळ्या असतात हो हल्ली. एकाने मुद्दाम आडवं यायचं, दुसऱ्याने मागून ठोकायचं आणि मग म्हाताऱ्या माणसाला धमकावायचं. कॅमेरा लावून घ्या गाडीत.

बाबांना ते पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवसापासून ते डॅशकॅमचाच अभ्यास करायला लागले. मोबाइल डोळ्यांजवळ धरून माहिती वाचायचे आणि मी ऑफिसमधून आले की मला समजावून सांगायचे. त्यांना काचबिंदू आहे. कडेचं नीट दिसत नाही म्हणून डॉक्टरांनी तेव्हा उजेडातच गाडी चालवायची परवानगी दिली होती. घरात आम्ही तिघंच. आई गुडघ्यांमुळे फारशी बाहेर पडत नाही, आणि माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाडी हे बाबांचं एकमेव स्वातंत्र्य होतं. ते जपायला काही करता येत असेल तर मलाही हवंच होतं.

त्यांची एक अट मात्र पक्की होती. कॅमेरा कुणाला दिसता कामा नये.

"दिसला की ती बाई येणारच नाही," ते म्हणाले. "मला ती सापडायला हवी."

ते "सापडायला" मला जरा खटकलं. पण ऑटोवाल्याने चारचौघांत खोटं पाडलं होतं त्यांना. राग असणारच, असं मी धरून चालले.

रविवारी आम्ही दिलसुखनगरला गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. सीट कव्हरच्या ढिगाऱ्यामागून मालक उठला आणि त्याने काउंटरवर एकेक कॅमेरा मांडला. पहिल्याला मोठा पडदा होता. बाबांनी तो हातानेच बाजूला सारला. "हा लखलखणार. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळेल."

मग त्याने एक नळकांड्यासारखा काळा कॅमेरा दाखवला. पडदा नाही, आरशामागे काचेला चिकटवायचा, चित्रण मोबाइलवर बघायचं. वायर छताच्या कापडाखालून फिरवून खांबाच्या कडेने खाली उतरवायची, म्हणजे बसणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. चालू असल्याची निळी टिकली लुकलुकायची, तीही बंद करता येत होती.

"बॅटरीवाला नक्को लो साब," मालक म्हणाला. "यहाँ की धूप में फूल जाता. ये कपॅसिटरवाला है, मई में भी चलता."

बाबांनी खुशीत मान हलवली. कपॅसिटर म्हणजे काय ते त्यांनी त्यालाच जरा समजावून सांगितलं. मग प्रश्न सुरू झाले. किती रुंद दिसतं? फार रुंद घेतलं तर मधली वस्तू लहान दिसते का? झाडांच्या सावलीतून कुणी एकदम उन्हात आलं तर चेहरा ओळखू येईल? मी गाडीच्या नंबरपाटीबद्दल विचारत होते, गाडी उभी असताना कुणी धक्का दिला तर चित्रण होतं का ते विचारत होते. मागच्या काचेलाही एक कॅमेरा घ्यावा असं मला वाटत होतं, कारण धडक मागूनच बसली होती. बाबांना मागचा कॅमेरा नकोच होता. त्यांचे सगळे प्रश्न चेहऱ्यापाशी येऊन थांबत होते.

"आणि आवाज?" मालकाने विचारलं. "आवाज का रेकॉर्डिंग चालू रखना के बंद?"

"बंद ठेवू," मी म्हणाले. "गाडीत आपण काहीबाही बोलतो."

"चालू राहू दे," बाबा म्हणाले. "ती काही बोलली तर?"

शेवटी त्यांच्या मनासारखं झालं. तो काळा कॅमेरा घेतला, आवाजासकट, आणि माझ्या हट्टाखातर मागचाही घेतला. बसवून झाल्यावर बाबा गाडीच्या पुढून, बाजूने, चारही अंगांनी बघून आले. मग हसले. "काही दिसत नाही," ते म्हणाले. तसे मोकळे ते कितीतरी दिवसांनी हसले होते.

पुढचे काही दिवस बिनघोर गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी ते घरात आले तेच चपला न काढता.

"सापडली! आज आली. अगदी समोर. चल, लाव मोबाइल."

आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो, मी चित्रण लावलं. विद्यापीठाचा रस्ता दिसायला लागला. दोन्हीकडे झाडं, डांबरावर उन्हाचे कवडसे. एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पसरलेलं. गाडी हळू झाली आणि त्याच्यापासून बरीच अलीकडे थांबली.

पुढे कुणीच नव्हतं.

आणि त्या रिकाम्या रस्त्यावर बाबांचा आवाज आला. मऊ, लहान मुलाशी बोलावं तसा. "जाव अम्मा, जाव. आराम से."

मग गाडी नुसती उभी. इंजिनाची घरघर. बाजूने एक स्कूटर हॉर्न वाजवत निघून गेली. कुणीतरी सावकाश रस्ता ओलांडायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ बाबा थांबले होते. मग "हं" म्हणाले आणि गाडी निघाली.

 आईनेच आधी तोंड उघडलं.

"कुठंय हो?"

"परत लाव," बाबा म्हणाले.

मी परत लावलं. मग आणखी एकदा. ते मोबाइल नाकाशी नेऊन बघत होते.

"कोन कमी पडला याचा."

"अहो, मधून गेली म्हणता ना?" आई हळूच म्हणाली. "रस्ता तर सगळा दिसतोय."

बाबा उठून गॅलरीत जाऊन बसले. जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसून कॅमेऱ्यातून काढून आणलेल्या मेमरी कार्डावरचं उरलेलं सगळं चित्रण पाहिलं. जुनं पुसून त्यावर नवं भरत जातं, त्यामुळे अलीकडचंच होतं. पण त्यातही बाबा पुन्हा पुन्हा थांबलेले दिसले. एकदा बसथांब्याजवळ, एकदा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. प्रत्येक वेळी समोर काही नाही. प्रत्येक वेळी तेच, "जाव अम्मा." एका तुकड्यात ते कुत्रं पुन्हा होतं. बाबा थांबले, बोलले, आणि कुत्रं डोकं वर करून उठलं आणि रस्त्याच्या कडेला झालं, जसं कुणाला वाट द्यावी. ते मी किती वेळा पाहिलं मला आठवत नाही. कुत्री उठतात, जागा बदलतात. मी स्वतःला तेच सांगितलं. तरी मागे कुणीतरी खुर्ची ओढली तेव्हा मी दचकून उभी राहिले.

आता मला दोन गोष्टींची भीती वाटत होती, आणि त्यातली कुठली जास्त वाईट ते ठरवता येत नव्हतं. बाबांचं डोकं हातून सुटत चाललंय, ही एक. दुसरी मी कुणापाशी बोलले नाही.

संध्याकाळी घरी आले तर बाबा माझी वाटच बघत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"दिवाळीपासून चाललंय हे," ते म्हणाले. "आधी भिंतीवर जाळी दिसायची. विटांची नक्षी असते तशी. मग गॅलरीच्या कठड्यावर लहान लहान पोरं. एवढुशी. ती खरी नाहीत हे मला कळायचं गं, एवढा खुळा नाही मी. पण ही बाई तशी नाही. पूर्ण उंचीची आहे. मोहरीच्या रंगाचं लुगडं, डोक्यावर बोचकं. तिची सावलीसुद्धा पडते. चेहरा तेवढा दिसत नाही कधी."

"म्हणून कॅमेरा?"

"म्हणून कॅमेरा. टोळी असती तर बरं झालं असतं."

"आम्हाला का नाही सांगितलंत बाबा?"

 ते म्हणाले, "माझ्या मामाला असंच काही दिसायचं. परभणीकडे होता. त्याला शेवटपर्यंत कडी लावून ठेवला होता घरच्यांनी. मी शाळेत होतो. दाराच्या फटीतून तो माझ्याशी बोलायचा, अगदी शहाण्यासारखा."

आई दारात उभी होती. मला वाटलं ती रडेल. पण ती फणकाऱ्यानेच म्हणाली, "कडीबिडी कोण लावतंय तुम्हाला? आणि चेहरा नाही दिसत म्हणता, मग मोहरीचं लुगडं बरं एवढं नीट दिसतं!"

बाबा हसले. मग त्यांना हुंदका आला.

त्यांच्या काचबिंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. मी मोबाइल दाखवायला काढला, तो त्यांनी न बघताच खाली ठेवायला सांगितला. त्यांनी बाबांना विचारलं, ती बोलते का? अंगाला हात लावते का? तुम्हाला काही करायला सांगते का? बाबा प्रत्येकाला नाही म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ डोळे तपासले, आकडे उलटे म्हणायला लावले, घरचा पत्ता विचारला, कालची भाजी विचारली. बाबांनी सगळं बिनचूक सांगितलं.

"सर, तुम्हाला वेड लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "डोळ्यांकडून मेंदूला जेवढं मिळायचं तेवढं आता मिळत नाही. जे कमी पडतं ते मेंदू आपल्याकडचं घालून भरतो. पुष्कळांना होतं हे. वेड्यात काढतील म्हणून सांगत नाहीत."

बाबांनी खांदे सैल सोडले. दिवाळीपासून ते धरून बसले होते असं मला तेव्हा जाणवलं.

"मग ती कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही सर. कालांतराने कमी होईल बहुतेक. आणि गाडी आता दिवसाही नको."

पायऱ्या उतरल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि मुकाट्याने डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. त्यानंतर ते गाडी चालवायला बसले नाहीत, कधी हट्टही केला नाही. सकाळी आता आमच्या गल्लीतच फेऱ्या मारतात. गाडी मी वापरते. कॅमेरा आहे तिथेच आहे, पण त्याचा आवाज मी बंद करून टाकला आहे. का, ते घरात कुणी विचारलं नाही.

बाई मात्र लगेच गेली नाही. कधी घरातही यायची. आईने ते सरळ स्वीकारलं. जेवताना विचारायची, "आहे का आत्ता?" आणि बाबा ताटातून मान वर करून फ्रिजच्या दिशेने बघून म्हणायचे, "उभी आहे." आई "बरं" म्हणून आमटी वाढायची. त्या दिवसांत पाणी घ्यायला मी फ्रिजपाशी जात नसे. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं, अजूनही पटतं, तरी जात नसे. विद्यापीठाचा रस्ताही मी टाळते. लांबून जाते.

मध्यंतरी आईला काठपदराची साडी हवी होती म्हणून बाबांना घेऊन सुलतान बाजारला गेले. संध्याकाळची गर्दी होती. बस अडकलेल्या, ऑटो घुसलेले, बांगड्यांच्या हातगाड्यांमधून माणसं अंग चोरून चाललेली. आमच्या बॉनेटला हात टेकवून बायका रस्ता ओलांडत होत्या. मी क्लच दाबून बसले होते. बाबा बराच वेळ समोर बघत राहिले. मग माझ्याकडे न वळता, अगदी हळू, वाटेत पत्ता विचारावा तसं म्हणाले, "इथं सगळे खरेच आहेत ना गं?"

"हो बाबा," मी म्हणाले. "सगळे खरे."

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं असावं त्यांना. दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, मोठ्याने, एकेक अक्षर जुळवत. मागून हॉर्न वाजत होते, पुढे थोडी जागाही झाली होती. मी मात्र पहिला गिअर टाकायच्या आधी काचेतून दिसणारा एकेक चेहरा पाहून घेतला.