वरची दिसते, खालची लपते

पाक यायत म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण हट्टाला पेटले की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. इंडोनेशियातल्या बांडुंगला, जिथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक' आणि बाईला 'इबू' म्हणतात, आम्ही दोघांनी मिळून एक संगणक-प्रणाली लिहिली. दोन डिस्कमधलं सगळं एकाच फोल्डरात दाखवायचं. अडलं एकाच ठिकाणी: दोन्हीकडे एकाच नावाची फाईल असली तर?

"वरच्या डिस्कची दाखवायची, खालची झाकायची," पाक म्हणाले.

"मग खाली आणखी एक आहे, एवढं तरी सांगू या!"

"कशाला लोकांच्या डोक्याला ताप, नेंग?" पाक हसले. धाकट्या मुलीला म्हणतात तसं ते मला 'नेंग' म्हणत.

शेवटी मीच हात टेकले. नव्या रेकॉर्डरवर त्यांनी घेतलेली ही पहिलीच बैठक; पुढच्या सगळ्याही तशाच घेतल्या.

त्यांच्या बायकोच्या, इबू एंतिनच्या गळ्यात गाठ निघाली. आवाज जाणार म्हणून तिने होणाऱ्या नातवासाठी सगळी अंगाईगीतं रेकॉर्ड करून ठेवली. "बाळ आल्यावरच ऐकायची हं," असं बजावलंही. तिचा रेकॉर्डर पाकांच्या रेकॉर्डरसारखाच, फायलींना आपणच एक, दोन, तीन अशी नावं देणारा. घरी आमचीच प्रणाली. तिची गाणी खालच्या डिस्कवर, पाकांच्या बैठका वरच्या.

पुढे नवीन संगणक आला. पाकांनी तो एकत्र फोल्डर त्यावर उतरवला. जुन्या डिस्क आमच्या धंद्याच्या शिस्तीप्रमाणे पार कोऱ्या करून शाळेला देऊन टाकल्या. "सगळं एकत्रच तर दिसतंय," मला म्हणाले. मीही मान डोलावली, घरात दोन रेकॉर्डर आहेत हे मला कुठे ठाऊक!

एंतिन गेली. शंभराव्या दिवसाची प्रार्थना आटोपली, पाहुण्यांनी भाताचे डबे उचलले. त्यांची मुलगी युयुन बाळाला मांडीवर घेऊन बसली. "बाबा, लावा ना आईचं."

पाकांनी पहिली फाईल लावली. त्यांचाच आवाज: "वरच्या डिस्कची दाखवायची, खालची झाकायची."

त्यांनी दुसरी लावली, तिसरी लावली. बैठका, नुसत्या बैठका. शेवटच्या फाईलपर्यंत गेले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. देवा, ती नजर! मला काय झालंय ते कळलं: नावं तीच, म्हणून फोल्डरात फक्त वरच्या बैठका दिसल्या आणि तेवढ्याच नव्या संगणकावर उतरल्या.

"आई कुठेय, बाबा?" युयुन म्हणाली.

 पाकांनी पुन्हा पहिलीच लावली, जणू या वेळी तरी ती गाईल.

"खाली आणखी एक आहे, एवढं तरी सांगू या!" फाईलमधून माझा आवाज आला, आणि त्यावर पाकांचं ते जुनं हसू. बाळ आवाजाच्या दिशेने बघत राहिलं.