बुडीत गावची कॅसेट

जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं, त्याचा सगळ्यात मोठा फायदा आमच्या रविवारच्या बैठकीला झाला. लोकांचे दाखले, बदल्या, कचेऱ्या यांचा काय घोळ व्हायचा तो झाला. आमच्यासाठी मात्र तिकडचे सगळे गाणारे बसल्या जागी परजिल्ह्यातले झाले, आणि परजिल्ह्यातला म्हटलं की माणसाला वजन येतं. तोच गळा, तीच पेटी, तोच ढोलकीवाला. पण भंडारा जिल्ह्यात होता तोवर त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता त्याची कॅसेट आली की आम्ही म्हणायचो, "बाहेरची हाये, सांभाळून लाव."

बैठक पवनीच्या बाजारात भरायची, एका भांड्यांच्या दुकानात, मागच्या अंगाला. दुकान ज्याचं त्याला आम्ही शेठ म्हणत असू. पाणी भरायच्या पितळी गुंडांच्या मधोमध त्यानं टेप ठेवला होता. ढोलकी जोरात आली की वरची झाकणं थरथरायची आणि शेठ म्हणायचा, "साऊंड पाहा, साऊंड!" तो साऊंड त्याच्या झाकणांचा होता, पण सांगणार कोण? दुसरे शाळेतले एक मास्तर, तिसरा एका डॉक्टरकडचा कंपाउंडर, आणि चौथा मी, कचेरीतला बाबू.

नियम असा की दर रविवारी प्रत्येकानं एक नवा अल्बम सांगायचा, आणि तो बाकीच्यांनी ऐकलेला नसावा. जयंतीची गाणी असोत, कव्वाली असो, गावच्या नाच-सोंगांची दंडार असो की नाटकातली पदं, आमची काही अट नव्हती. कोणाला माहीत नसला म्हणजे झालं. ज्याच्याकडे सांगायला काही नाही, त्यानं त्या रविवारी फक्त मान हलवायची, तोंड उघडायचं नाही. ही शिक्षा भारी होती, कारण आमच्यात गाणं ऐकायला कोणी येतच नव्हतं, सगळे बोलायला येत होते. आणि एखादं गाणं लोकांना आवडलं की ते आमच्यासाठी मेलं. शेठनं जिवापाड जपलेली एक कव्वाली एकदा बसस्टँडवर एका ऑटोत वाजली. त्या दिवशी शेठचं तोंड मयतीहून आल्यासारखं होतं.

यात सर्वांना पुरून उरला तो कंपाउंडर. कॅसेटचं प्लास्टिक फाडायच्या आधीच तो म्हणायचा, "ऐकलो." वर एक खोच मारायचा, "दुसरी बाजू कमजोर हाये." आता जगातल्या कोणत्याही कॅसेटची दुसरी बाजू कमजोरच असते, त्यामुळे गडी कधी पकडला गेला नाही. त्यानं ऐकलो म्हटलं की शेठलाही ऐकलो म्हणावं लागायचं, नाहीतर दुकानदाराची काय इज्जत राहिली?

अशाच एका रविवारी मास्तरांनी घसा साफ केला.

"बायांच्या रोवण्याच्या गाण्यांची कॅसेट हाये," ते म्हणाले. "गोसी धरणाच्या पाण्यात ह्या बाबूचं गाव गेलं ना, तिथल्याच बाया. गाव उठायच्या आधी कोणीतरी बांधीतच टेप नेऊन गाणे भरले. कंपनी-गिंपनी काही नाई. थोड्याच निंगाल्या."

"ऐकलो," कंपाउंडर म्हणाला. "दुसरी बाजू कमजोर हाये."

"पन थे पुढं म्हणते थे बाई!" शेठनं मांडीवर थाप मारली. "काय गळा हाये, बाप्पा!"

आमच्या गावात रोवण्याला पुढं म्हणणारी बाई एकच होती, आणि ती माझी माय.

ज्यांनी भाताचा रोवणा पाहिला नाही त्यांना सांगतो. बाया बांधीत, म्हणजे पाण्यानं भरलेल्या खाचरात, ओळीनं वाकून परे, भाताची रोपं, लावत मागे मागे सरकतात. एक बाई ओळ घेते, बाकीच्या ती झेलतात. झेलायची मागची ओळ कायमची ठरलेली असते, घेणारीची मात्र ठरलेली नसते. बांधीवर जो दिसेल त्याला ती त्या ओळीत ओढते. मालक छत्री घेऊन उभा असेल तर त्याची छत्री गाण्यात, कोणाचा नवा जावई शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून चालला असेल तर जावई गाण्यात. माय त्यात इतकी तिखट होती की लोक रोवण्याच्या दिवसांत आमच्या बांधीवरून जायचं टाळायचे.

गाव उठायच्या आधीच माय गेली. फोटो आहे, डोक्यावर पदर घेऊन फोटोवाल्याकडे रागानं पाहते आहे. आवाज नाही. घरात टेप होता, कोऱ्या कॅसेटी होत्या, मी किती वेळा म्हटलं असेल, "माय, एक म्हण ना." ती म्हणायची, "सुक्या पायानं रोवण्याचं गाणं म्हणत नाईत, बाबू. पाय चिखलात पाह्यजे." आणि चिखलाचे दिवस आले की आमचे साहेब सुटी देत नसत. म्हणून ती कॅसेट मला पाहिजे होती. गाण्यासाठी नाही, अल्बमसाठी नाही, मायचा आवाज एकदा कानावर पडावा म्हणून.

"कॅसेट कोणापाशी हाये?" मी विचारलं.

असा प्रश्न आमच्यात कोणी विचारत नसे. शेठ गुंडांकडे पाहू लागला. मग म्हणाला, "माझ्यापाशी होती. कंपाउंडरनं नेली."

कंपाउंडर कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मी साकोलीले साळ्याकडं देल्लो," तो म्हणाला.

मी दुसऱ्याच दिवशी कचेरीला दांडी मारून, एसटी बदलत साकोलीला गेलो. कंपाउंडरचा हा मेहुणा पान चघळत बसला होता. कॅसेटचं नाव काढताच डोळे मिटून म्हणाला, "हो हो! ऐकलो ना! थे पुढची बाई तं लयच जोरदार. पन थे आता अर्जुनीकडं गेली, भाऊ."

म्हणजे परजिल्ह्यात गेली. तरी मला राग आला नाही. उलट परतीच्या बसमध्ये मी येड्यासारखा खुश होतो. आता तिघांनी ऐकलं होतं, आणि त्यातल्या दोघांना तीच बाई लक्षात राहिली होती. माय त्या कॅसेटमध्ये कोणाला चिडवत असेल? पाटलाला? टेप घेऊन आलेल्या त्या माणसाला? की घरी न येणाऱ्या पोराला? मला चिडवलं असेल तर किती बरं होईल, असं मला वाटत होतं. शेजारी बसलेल्या बाईनं मला हसताना पाहून आपली थैली जवळ ओढली.

अर्जुनीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर घरी आले. चहा घेतला, पण बशीतच थंड होऊ दिला.

"बाबू, अर्जुनीले नको जाऊ."

"काहून?"

"थे कॅसेट तिथं नाई."

"मंग कुठं हाये?"

"कुठंच नाई. निंगालीच नाई थे. मीच बनवलो." मास्तर खाली मान घालून बोलत होते. "त्या रविवारी सांगाले काहीच नव्हतं. दिवसभर तोंड बंद ठेवून बसनं माह्यानं होत नाई, तुले तं मालूम हाये. वाटलं, सगळे म्हनतील नाई ऐकलो, अन् विषय संपन. पन कंपाउंडर म्हणला ऐकलो! शेठले तं बाईचा गळाबी आवडला! आता ज्यानं ऐकलं त्याले मी कसा सांगू का बाबा, अशी कॅसेटच नाई?"

मी मास्तरांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माणूस वयानं मोठा, शिकलेला, पण त्या दिवशी मी काही बाकी ठेवलं नाही. मग मीच उठून आत गेलो. माय एकदा मेली होती तेव्हा रडायला गाव होतं. या खेपेला मी एकटाच रडलो.

रविवारी दुकानात मी सगळ्यांसमोर सांगितलं की मास्तरांनी फेकलेली ती, अशी कॅसेट जगात नाही. शेठ झाकणं पुसू लागला. कंपाउंडरनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मास्तरनं बनवली असन, तिची गोष्ट वेगळी. मी ऐकलो थे दुसरी." वा रे पठ्ठ्या! याच्या चितेवर कोणी नवी कॅसेट लावली तरी हा उठून ऐकलो म्हणेल.

पुढच्या रोवण्याला मी हट्टानं सुटी काढली. तापाचा दाखला कंपाउंडरनंच आणून दिला, तेवढं त्याचं पुण्य मान्य केलं पाहिजे. आमच्या गावच्या बाया आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात आणि दुसऱ्यांच्या बांध्यांत रोजीनं रोवायला जातात. त्यांच्यात माझी काकू होती. मायची जाऊ, जन्मभर तिच्या शेजारी वाकून रोवलेली. मायचा आवाज नाही तर नाही, निदान तिच्या गाण्यांची चाल तरी भरून घेऊ, असं मनाशी ठरवून मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टेप प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला आणि चिखलात उतरलो. बाया हसून हसून बेजार झाल्या.

"हे पाहा वो, साहेब रोवाले आले!"

मी बटण दाबलं. बाया वाकल्या, हात चालू झाले. पण कोणी काही म्हणेना. मग एकदम सगळ्यांनी मिळून मागची ओळ झेलली, मोठ्या आवाजात, बरोबर तालात. पुन्हा सगळ्या गप्प. फक्त चिखलाचा आवाज. पुन्हा झेलली. मला वाटलं, टेपला लाजतात.

"काकू, पुढची ओळ म्हण ना."

"थे तुह्या मायची हाये," काकू मान वर न करता म्हणाली.

"आता माय कुठं हाये? तू घे."

"मी कायले घेऊ? घेनारी थेच. आमी झेलनाऱ्या."

"अन् ओळच नाई तं झेलता काय?"

"तेवढं थांबतो अन् झेलतो." काकूनं परे रोवत रोवत सांगितलं. "थे गेली तवापासून असंच म्हनून राहिलो. तू बाजूले सर, परे तुडवून राहिला."

मी धुऱ्यावर येऊन उभा राहिलो आणि कॅसेट संपेपर्यंत टेप तसाच चालू ठेवला. दुसऱ्याच्या शेतात, नव्या वस्तीतून येऊन, या बाया माझ्या मायची जागा सोडून गात होत्या, आणि मला याचा पत्ताच नव्हता. मी कॅसेटीसाठी साकोलीपर्यंत धावत होतो.

पुढल्या रविवारी ती कॅसेट मी दुकानात लावली. बायांच्या पहिल्या झेलण्याला झाकणं थरथरली, शेठ खुश झाला. मग ती रिकामी जागा आली. मास्तर खाली पाहत बसले.

"इथं टेपनं पट्टी खाल्ली," कंपाउंडर म्हणाला.

"हो, आवाज गेला," शेठ म्हणाला, आणि ती जागा पुढं पळवायला त्यानं बटणाकडे बोट नेलं. मी त्याचा हात धरला, कॅसेट काढली, खिशात घातली आणि घरी आलो.

आता ती मी घरी एकटाच लावतो. बाया झेलतात तेव्हा आवाज आहे तेवढाच ठेवतो. त्या थांबल्या की वाढवतो.